डोजरला आवतन

आमच्या घरी बैल नव्हते, डोजर होता. लग्नानंतर सासरी हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले, तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की पोरगी जरा सरकलेली आहे हे मध्यस्थानं आधीच सांगायला हवं होतं. पण खरं तेच होतं. अल्लीपूरच्या अलीकडच्या आमच्या गावात शेत असूनही दाराशी जोडी नसलेलं घर एकच, ते आमचं. बाबांनी वाट्याचं शेत मोठ्या काकांच्या हवाली केलं होतं, बैलही त्यांच्याच गोठ्यात नेऊन बांधले होते आणि स्वतः कालव्याच्या कामावर गेले होते. गेले होते टोपलीनं माती उचलायला. तिथं एका सरदारजी ऑपरेटरचा बाबांवर जीव जडला की बाबांचा त्याच्या माती लोटणाऱ्या डोजरवर, कोण जाणे, पण दोन-तीन वर्षांत बाबांची टोपली सुटली आणि हातात लिव्हर आलं. गावानं या प्रगतीचं मोठ्या मनानं स्वागत केलं. "नामदेव आता सरकारी बैल हाकते," असं पारावर बसलेली मंडळी म्हणत, आणि बाबा समोरून गेले की तोंडानं घुर्र घुर्र आवाज काढत.

आमच्याकडची काळी माती पावसात माणसाची चप्पलसुद्धा ठेवून घेते, तिथं एवढ्या वजनाच्या यंत्राची काय कथा. मृग लागला की कालव्याचं काम बंद व्हायचं ते थेट दसऱ्यापर्यंत. तोवर यंत्र उभं कुठं करायचं? खात्याची एक शेड होती, तालुक्याच्या गावी, मंजूर झालेली. पण ती अजून कागदावरच असल्यामुळे तिच्याखाली यंत्र उभं करता येत नव्हतं. म्हणून डोजर आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत आला. चार महिने ऑपरेटरला रिकामं कसं बसवायचं, म्हणून चौकीदारीही बाबांच्याच गळ्यात पडली. ताडपत्रीवर पाऊस वाजायला लागला की घरात एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. मायला त्याचं काही विशेष वाटत नसे, कारण ती काय बोलतेय हे बाबांना एरवीही ऐकू येत नसे.

बाबा अजून रोजंदारीवर होते, म्हणजे आज आहेत आणि उद्या कचेरीची मर्जी. पोळ्यानंतर आठ दिवसांनी मेकॅनिकलचे साहेब येणार, यंत्र चालू करून, ब्लेड वर-खाली करून पाहणार, आणि सगळं ठीक निघालं तर बाबांचं नाव कायम ऑपरेटरांच्या यादीत जाणार, असं ठरलं होतं. ठीक निघालं नाही तर काय, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि बाबांनी विचारलं नव्हतं. माय मात्र रोज विचारायची, देवाला. गिरडच्या दर्ग्यातल्या बाबाला तिनं चादर बोलली होती आणि केळझरच्या गणपतीला अकरा नारळ. दोघांपैकी एकाकडे तरी वशिला लागेल, असा तिचा अंदाज. आमची सगळी लढाई गणपतीच्या वाहनाशीच चालू आहे, हे नारळ बोलताना तिच्या ध्यानात आलं नसावं.

कारण लढाई उंदरांशी होती. पावसानं शेतातल्या भेगा बुजल्या, बिळांत पाणी शिरलं, की उंदीर आणि घुशी बिऱ्हाड घेऊन गावाकडे निघतात. इतर घरांत त्यांना ज्वारीची कोठी मिळे. आमच्याकडे त्यांना यंत्र मिळालं. वर ताडपत्री, खाली कोरडी ठणठणीत जमीन, बसायला गादीची सीट, आणि दात चालवायला वायरी आणि रबरी होजपाईप. खात्यानं आपल्या ऑपरेटरला क्वार्टर कधी दिलं नाही, पण उंदरांची सोय पहिल्याच पावसात लावून दिली. महिनाभरात सीटमधला काथ्या बाहेर आला आणि दिव्याची एक वायर नागडी झाली. बाबांचं जेवण तुटलं.

कचेरीतून याबाबत एक पत्रक आलं होतं. उभ्या यंत्रांचं उंदीर-घुशींपासून संरक्षण करावं, त्यासाठी योग्य ते उपाय योजावेत, आणि योजलेल्या उपायांचा अहवाल दर आठवड्याला पाठवावा. योग्य ते म्हणजे कोणते, हे पत्रकात नव्हतं. ते आम्हीच अहवालातून साहेबांना कळवायचं होतं. बाबांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, म्हणून अहवाल मी लिहायची. मी नववीत होते आणि 'उपरोक्त' हा शब्द मला नुकताच भेटला होता, त्यामुळे अहवालात उंदरांपेक्षा तोच जास्त असे.

योग्य ते उपाय आम्ही सगळे केले. डांबरगोळ्या ठेवल्या. चौथ्या दिवशी उंदरांनी त्या सीटखाली नेऊन नीट रचून ठेवलेल्या सापडल्या. हेडमास्तरांनी तंबाखूचं पाणी शिंपडायला सांगितलं. त्यानं उंदरांना काही झालं नाही, बाबांना मात्र दोन दिवस शिंका आल्या. मायनं माहेरून पोत्यात घालून मांजर आणली. ती दूध आमचं प्यायची, झोपायची डोजरच्या सीटवर, आणि तिसऱ्या आठवड्यात तिथंच व्याली. आता उंदरांपासून यंत्राचं आणि यंत्रापासून मांजरीच्या पिल्लांचं संरक्षण करणं आलं. दर दोन दिवसांनी इंजिन थोडं चालू करावं, आवाजानं उंदीर टिकणार नाहीत, असं बाबांना वाटे, म्हणून त्यासाठी डिझेल मागितलं. उत्तर आलं, की यंत्र बंद असल्यामुळे डिझेलचा प्रश्न उद्भवत नाही.

परवा माझ्या मुलाच्या नागपूरच्या फ्लॅटखाली उभ्या असलेल्या गाडीची वायर उंदरानं कुरतडली. मुलगा इंजिनिअर, सून डॉक्टर, दोघंही बॉनेट उघडून त्या वायरीकडे असे पाहत उभे होते, जणू अशी गोष्ट जगात पहिल्यांदाच घडत होती. मेकॅनिक आला आणि त्यानं कसलीशी फवारणी केली. तिला वास डांबरगोळीचाच होता. शिकलेल्या माणसांना चार दिवस तरी विश्वास ठेवू द्यावा.

आमच्याकडे अक्कल आली ती शेजारच्या सोमा मडावींकडून. सोमाभाऊ जंगलखात्याच्या कामावर लाकूडतोडीला जायचे. घरात बायकोशी गोंडी बोलायचे, आमच्याशी आमची बोली, आणि बहुतेक वेळ कुणाशीच काही नाही. महिनाभर त्यांनी कुंपणापलीकडून आमचे योग्य ते उपाय पाहिले. मग एक दिवस आत आले आणि डोजरभोवती एक फेरी मारून उकिडवे बसले.

"नामदेवभाऊ, उंदीर काऊन येते इथं?"

"वायर खाले," बाबा म्हणाले.

"वायरनं कोणाचं पोट भरते? वायरवर थो नुसता दात घासते. येते थो घर कराले. अन् घर तिथंच करते, जिथं जवळ दाणा हाये, गवत हाये अन् अंधार हाये. हे तिन्ही तुमीच देऊन राह्यले त्याले."

"मंग आता काय आनू?"

"आनू काही नोका. काढा."

इतका साधा उपाय कचेरीला पटण्यासारखा नव्हता, म्हणून तो आम्ही अहवालात बराच सजवून लिहिला. डोजरला लागून असलेली काकांची कडब्याची गंजी बाबांनी एकट्यानं ओढून त्यांच्या गोठ्याकडे नेली. भोवतालचं गवत खरवडून काढलं. पाऊस उघडला की ताडपत्री वर गुंडाळायची, यंत्राची झाकणं उघडी टाकायची, उजेड पार पोटात जाऊ द्यायचा. मांजर पिल्लांसकट घरात आली. वीस पावलांच्या आत दाणा पडता कामा नये असा नियम झाला, आणि मागच्या पायरीवर फुटाणे खाणाऱ्या मला बाबा सांडलेला एकेक फुटाणा वेचायला लावत. "माह्याच घरात मी तूर पाखडू कुठं?" असं माय करवादायची, आणि सूप घेऊन समोरच्या दाराला जाऊन बसायची. डोजरभोवती चुलीतल्या राखेचा पट्टा टाकायचा, म्हणजे कोण आलं-गेलं ते पावलांवरून सकाळी कळतं, हेही सोमाभाऊंचंच. आणि शेवटचं त्यांनी बाबांना दोनदा बजावून सांगितलं होतं: "होजपाईप नुसत्या डोळ्यानं पाहू नोका. खालून हात फिरवा. उंदीर वरून खात नाई."

मग बाबा रोज सकाळी चूळ भरली की ताडपत्रीखाली शिरायचे आणि ब्लेडमागच्या दोन्ही होजपाईपांवर खालून हात फिरवायचे. काका बैलाच्या गळ्याखालच्या पोळीवर हात फिरवायचे, तसाच हळू. मी अहवालात लिहायची, 'उपरोक्त नळ्यांची हस्तस्पर्शाने दररोज तपासणी केली जाते.' आणि खरोखर, श्रावण संपत आला तरी राखेवर एक पाऊल उमटलं नाही. बाबा पुन्हा चार भाकरी खायला लागले. अंबाडीच्या भाजीला नावं ठेवण्याइतकी त्यांची तब्येत सुधारली.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून दुखावलेल्या खांद्याला पळसाच्या पानानं हळद-तूप चोळायचं आणि बैलाच्या कानाशी वाकून म्हणायचं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." हे आमंत्रण चेष्टेचं नसतं. दुसऱ्या दिवशी बैलाचे पाय धुऊन, ओवाळून, त्याला पुरणपोळी खाऊ घातल्याशिवाय घरातलं माणूस जेवत नाही. गावभर त्या संध्याकाळी तुपाचा वास आणि घुंगरमाळा घासल्याचा आवाज. आमच्या घरी दोन्हीही नाही. बाबा मागच्या दारात बराच वेळ उभे राहिले आणि मग आत वळून म्हणाले, "अवं, वाटीत जरा तूप देजो. अन् हळद."

"काहाले? बैल तं भासऱ्यायच्या गोठ्यात हायेत," माय म्हणाली.

"माहा बैल मांगं उभा हाये."

मायनं पदराचा बोळा तोंडात धरला, पण वाटी दिली. बाबांनी इकडे-तिकडे पाहिलं, पारावरचं कुणी दिसत नाही याची खात्री करून घेतली आणि ब्लेडच्या लोखंडी दांड्याला पळसाच्या पानानं जेमतेम बोटभर हळद-तूप लावलं. कुंपणापलीकडून सोमाभाऊंचा आवाज आला, "लोखंडाले लावा, रबराले नोका लावू." "तेवढं समजते मले," बाबा वरमून म्हणाले. मग त्यांनी दांड्याशी वाकून आवतन दिलं, इतकं हळू, की मी दोन हातांवर होते म्हणून ऐकलं. आणि लगेच चिंधीनं ते तूप चोळून पुसूनही टाकलं. एवढी काळजी घेऊन केलेली पूजा मी आजवर दुसरी पाहिली नाही.

पोळ्याच्या दिवशी शिंगं रंगवलेल्या, झुली घातलेल्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या, झडत्यांची गाणी म्हणून झाली, पोळा फुटला, बैल घरोघर ओवाळून घेत फिरले. माझ्या वर्गातल्या सुमननं मला गाठून विचारलं, "तुमचा बैल नाई आला वं पोळ्यात? चेन तुटली का त्याची?" आणि बाकीच्या पोट्ट्या खिदळल्या. मी घरी आले ती फणफणत. माय तिसऱ्या प्रहरी शेवटच्या पोळ्या लाटत होती. घरभर जायफळाचा वास, ताटात कढी, वडे, आणि वाटी भरून तूप. आमच्याकडची पुरणपोळी तुपात बुडाल्याशिवाय गळ्याखाली उतरत नाही. मी पाटावर बसले, पण हात पुढे होईना.

"माय, बाबांनं डोजरले आवतन देल्लं ना? मंग त्याले जेवाले काय वाढलं?"

माय हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. लाटणं थांबवून तिनं खरंच विचार केला. "आवतन देऊन उपाशी ठेवनं बरं नाई," ती म्हणाली. "पन तुह्या बापाले कोन सांगन? वीस पावलायचा कायदा हाये न त्यायचा." आणि ती पुन्हा लाटायला लागली. तिच्यापुरता विषय संपला होता. माझ्यापुरता आता सुरू झाला. आवतन दिलेला पाहुणा उपाशी आहे, आठ दिवसांनी त्याच्याच भरवशावर बाबांचं कायम होणं आहे, आणि तो रुसला तर? नववीत असताना माझ्याकडे अक्कल भरपूर होती. पुढे ती हळूहळू कमी होत गेली, हे माझं नशीब.

बाबा काकांकडे जेवायला गेले होते. मी दोन पुरणपोळ्या, तुपाची वाटी आणि हळद घेऊन ताडपत्रीखाली शिरले. यंत्राला तोंड कुठं असतं हा प्रश्न मी फार वेळ लांबवला नाही. जे माती खातं ते तोंड, म्हणजे ब्लेड. ब्लेडच्या मागं दोन होजपाईप शेजारीशेजारी जातात, तिथं खोबणीसारखी जागा होती. तिच्यात मी पोळ्या चार घड्या करून नीट बसवल्या आणि वरून तूप ओतलं. उरलेल्या तुपात हळद कालवून ती होजपाईपांना चोळली, वरून, खालून, पाची बोटांनी. सोमाभाऊंचं बोलणं मी ऐकलं होतं, पण मला वाटलं, लोखंडाला कसला आलाय खांदा? वाकतं ते रबर. दुखत असेल तर तेच दुखत असेल. "जेव गा पोटभर," मी म्हटलं. निघताना राखेवरची माझी पावलं हातानं पुसून टाकली. इतकी मी हुशार होते. बोटांचं मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. अडीच महिने अख्ख्या शिवारातल्या उंदरांना जे जमलं नव्हतं, ते मी भक्तिभावानं पाव तासात जमवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली पोरं मारबतीचा पुतळा घेऊन शिवेकडे निघाली होती. रोगराई, माश्या, ढेकूण, सगळी ब्याद तिनं घेऊन जावी म्हणून ओरडायची ती रीत. "उंदीर-घुशी घेऊन जा गे मारबत!" असा त्यांचा गलका आमच्या मागच्या दारापर्यंत येत होता. मी पायरीवर बसून दात घासत होते. बाबा चूळ भरून ताडपत्रीकडे गेले, आणि राखेपाशी थबकले. ते खाली वाकून पाहत राहिले. मग आत शिरले. तेवढ्यात नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, रपट्यावरून, जीपचा आवाज आला. साहेब आठ दिवसांनी यायचे होते. पण त्यांच्या ड्रायव्हरची सासुरवाडी आमच्या पुढच्या गावात होती आणि पुरणपोळी दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागते, अशा तातडीच्या कारणामुळे तपासणी त्याच दिवशी घ्यायचं ठरलं होतं. बाबांनी वळून रपट्याकडे पाहिलं. मग घराकडे, माझ्याकडे पाहिलं. मग खांद्यावरचा दुपट्टा काढून ते ब्लेडमागं काहीतरी घाईघाईनं पुसायला लागले. साहेबांसाठी धूळ झटकताहेत, असं मला वाटलं. जीप दारात थांबली तेव्हाही ते पुसतच होते.

साहेब पांढऱ्या सफारीत होते. आमच्या काळ्या मातीच्या गावात पावसाळ्यात पांढरे कपडे घालून यायला हिंमत लागते, ती त्यांच्यात होती. त्यांच्यासाठी शाळेतून हेडमास्तरांची खुर्ची आणून डोजरसमोर, अगदी ब्लेडला खेटून ठेवली गेली, चहा झाला. बाबा म्हणाले, "सायब, सुरू करायच्या आंधी एकदा पाईप पाहून घेतो."

"रोज पाहता ना? अहवालात तर तसंच लिहिलंय," साहेब म्हणाले. "हस्तस्पर्शाने."

"पाह्यतो रोज."

"मग चला, आटपा. मला पुढे जायचंय."

आपल्याच अहवालाला खोटं कसं पाडणार? बाबा चढले. इंजिन पहिल्याच दमात लागलं, आणि मारबतीमागं गेलेली पोरं धावत आमच्या परसात आली. साहेब खूश होऊन उठले आणि सीटसमोरचा दाबाचा काटा पाहायला बाजूनं यंत्रापाशी गेले. बाबांनी लिव्हर ओढलं. ब्लेड चिखल सोडून वर आलं, माणसाच्या छातीइतकं, आणि बाबांच्या चेहऱ्यावर पोळ्याच्या दिवशीही नव्हतं ते हसू आलं. मग फाट्कन आवाज झाला, काळं तेल फवाऱ्यासारखं उडालं, आणि ब्लेड खाली पडलं. हेडमास्तरांच्या खुर्चीवर. खुर्ची म्हणून ओळखू येईल असं काही त्यात राहिलं नाही. साहेबांची सफारी गळ्यापासून खाली काळी झाली होती. एरवी सगळ्या गोष्टींची थट्टा करणारी मी, या एका क्षणाची करू शकत नाही. ते उठले नसते तर मेले असते.

फुटलेल्या पाईपची खालची बाजू उंदरांनी आतल्या तारेपर्यंत खाल्ली होती, वरून तो धडधाकट दिसत होता. साहेबांच्या ड्रायव्हरनं खोबणीत बोटं घातली आणि पिवळा लगदा बाहेर काढला.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"पुरन, सायब," बाबा म्हणाले.

"पुरण? यंत्रात?"

"काल पोळा होता. आवतन देल्लं होतं. मीच ठेवलं."

"अहो, तुम्ही ऑपरेटर आहात की कोण आहात? याला काय बैल समजता?"

कुंपणाशी सोमाभाऊ उभे होते. त्यांनी बाबांना परवा तूप पुसून टाकताना, नियम करताना, फुटाणे वेचायला लावताना पाहिलं होतं. त्यांनी एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ते आपल्या घरात निघून गेले. मी दातवण हातात धरून तशीच उभी होते. 'मी ठेवलं' हे दोन शब्द बोलायला किती वेळ लागतो? मी नाही बोलले. भीती वाटली म्हणून नाही बोलले. त्याची मला तेव्हा लाज वाटली, आणि आज सत्तरीच्या दाराशीही वाटते.

साहेब उदार निघाले. त्यांनी बाबांना काढून टाकलं नाही. बाबांना त्याच यंत्राचा बारमाही चौकीदार केलं आणि लिव्हरला पुन्हा हात लावायचा नाही, असा शेरा मारला. नवा ऑपरेटर आला, तो बाबांना "काका, जरा पाणी आना," म्हणायचा आणि बाबा आणायचे. पारावरच्या मंडळींना एक नवा विषय मिळाला, तो त्यांना बरीच वर्षं पुरला. यंत्राचं उंदरांपासून संरक्षण करण्यात मात्र बाबांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. त्यानंतर त्या डोजरची एक वायर कुणी खाल्ली नाही.

त्या दिवशी दुपारी मायनं बाबांचा दुपट्टा धुवायला घेतला. सोड्याचं पाणी लागताच त्यावरचे डाग लालभडक झाले. हळदीचंच तसं होतं. "थे तूप तं चिंधीनं पुसलं होतं न परवा," ती स्वतःशी पुटपुटली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. माझी नखं अजून पिवळी होती. तिनं मला मनगटाला धरून खाली बसवलं, माझे दोन्ही हात त्याच पाण्यात घातले आणि घासघास घासले, कातडी निघेल असे. दुपट्टा तिनं उन्हात टाकला. दोन दिवसांत डाग उडाले. हळदीचा तेवढा एक चांगला गुण आहे.

पुढे कितीतरी वर्षांनी, लेकराला कडेवर घेऊन मी पोळ्याला माहेरी गेले होते. माय तोवर गेली होती. डोजरची पट्ट्यासारखी रुंद चेन गंजून जाम झाली होती. तो भंगारात जायचा होता, ट्रक तेवढा यायचा राहिला होता. बाबा सकाळी चूळ भरून त्याच्यापाशी गेले आणि सवयीनं होजपाईपांवर खालून हात फिरवायला लागले. मी मागून गेले. इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"बाबा, थ्या दिवशी दुपट्ट्यानं काय पुसून राह्यले होते तुमी?"

त्यांनी आठवायचं सोंग केलं नाही. "बोटं," ते म्हणाले. "पिवळी. बारकी बारकी."

"राखेवर उंदराचे पाय दिसले असन न तुमाले?"

"दिसले ना. लय होते."

"मंग पाईपावर खालून हात काऊन नाई फिरवला?"

"जीप रपट्यावर आलती, बाई. दोन्ही कराले टाइम नव्हता. एकच होत होतं."

मी तिथंच, त्या गंजक्या चेनवर बसून रडले. लेकरू माझ्याकडे पाहून रडायला लागलं. बाबांना रडणाऱ्या बायकांपुढं काय करावं हे आयुष्यभर कळलं नाही. त्यांनी लेकराला उचलून खांद्यावर घेतलं, रिकाम्या हातानं त्या पाईपवरची धूळ झटकली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "रडते काहाले? डोजर सरकारचा होता."